कोलायडरमध्ये मूलभूत कण ‘सापडतो’ म्हणजे काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कणभौतिकीबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एका जागी आणले आहेत. उदाहरण शक्य तिथे हिग्ज बोसॉनचं घेतलं आहे, कारण तो शोध सगळ्यांनी बातम्यांतून पाहिलेला आहे. जुने शोध मात्र वेगळ्या वाटांनी लागले, त्यामुळे त्यांचेही प्रश्न ठेवले आहेत. क्रमाने वाचलंच पाहिजे असं नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. मूलभूत कण म्हणजे काय, आणि तो शोधायला एवढं अवाढव्य यंत्र कशाला लागतं?

ज्याच्या आत आणखी घटक असल्याचं आजवर आढळलेलं नाही, तो मूलभूत कण. इलेक्ट्रॉन मूलभूत आहे. प्रोटॉन नाही, कारण तो क्वार्क आणि ग्लुऑन यांचा बनलेला असतो. स्टँडर्ड मॉडेल या सिद्धांतात असे १७ कण आहेत: सहा क्वार्क, सहा लेप्टॉन (इलेक्ट्रॉन, म्युऑन, टाऊ आणि त्यांचे तीन न्यूट्रिनो), बलं वाहून नेणारे फोटॉन, ग्लुऑन, डब्ल्यू आणि झेड, आणि शेवटी हिग्ज.

यातले जड कण जन्मल्याबरोबर मोडतात. ते कुठे साठून राहिलेले नसतात, म्हणून मुद्दाम बनवावे लागतात, आणि बनवायला ऊर्जा लागते. जिनिव्हाजवळ सर्न या संस्थेचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर (एलएचसी) हे प्रोटॉन वेगाने एकमेकांवर आदळवणारं यंत्र फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेखाली, जमिनीत सुमारे १०० मीटर खोल आहे. त्याचा परीघ जवळजवळ २७ किलोमीटर. प्रोटॉन वाकवून वर्तुळात ठेवायला १२३२ मोठे चुंबक आहेत आणि ते उणे २७१ अंश सेल्सिअसला ठेवलेले असतात. यंत्र मोठं असण्याचं कारण साधं आहे: प्रोटॉनचा वेग आणि ऊर्जा जितकी जास्त, तितकं त्याला वळवणं कठीण.

२. प्रोटॉन फोडल्यावर आत दडलेला हिग्ज बाहेर पडतो, असंच ना?

नाही. हिग्ज प्रोटॉनपेक्षा सुमारे १३३ पट जड आहे, तो आत दडून बसणार कसा? टक्कर होते तेव्हा दोन प्रोटॉनांमधले ग्लुऑन एकमेकांवर आदळतात, आणि त्यांच्या ऊर्जेतून नवं वस्तुमान तयार होतं. आइन्स्टाइनचं E = mc² इथे अक्षरशः लागू होतं.

पुढच्या उत्तरांसाठी एक एकक लक्षात ठेवा. कणांचं वस्तुमान जीईव्हीमध्ये सांगतात आणि एक जीईव्ही म्हणजे साधारण एका प्रोटॉनचं वस्तुमान. डब्ल्यू ८०, झेड ९१, हिग्ज १२५, टॉप क्वार्क सुमारे १७३.

३. हिग्ज कोणी प्रत्यक्ष पाहिला आहे का? फोटोत त्या रेषा दिसतात, त्यातली हिग्जची कोणती?

एकही नाही. हिग्जचं आयुष्य इतकं लहान आहे की सेकंदात ते लिहायचं तर दशांश चिन्हानंतर एकवीस शून्यं द्यावी लागतात. तेवढ्या वेळात प्रकाशसुद्धा अणूच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतकं अंतर कापत नाही. डिटेक्टरच्या (टक्करीतून निघालेले कण टिपणाऱ्या उपकरणाच्या) पहिल्या थरापर्यंत हिग्ज कधीच पोहोचत नाही.

पोहोचतात ते त्याच्या विघटनातून निघालेले कण. कधी दोन फोटॉन, कधी चार लेप्टॉन (म्हणजे इलेक्ट्रॉन किंवा म्युऑन), बहुतेक वेळा बॉटम क्वार्कची जोडी. दोन फोटॉनांची ऊर्जा आणि त्यांच्यातला कोन मोजला की ते ज्या कणातून निघाले असतील त्याचं वस्तुमान गणिताने काढता येतं. ऊर्जा आणि संवेग यांची बेरीज विघटनाच्या आधी आणि नंतर सारखीच राहते, त्या नियमाचा हा फायदा.

म्हणजे हाती येतो तो एक आकडा. लाखो टक्करींचे असे आकडे एका आलेखावर मांडायचे आणि एखाद्या ठरावीक वस्तुमानापाशी घटनांची गर्दी होते का ते बघायचं. तो उंचवटा म्हणजेच ‘कण सापडला’ याचा पुरावा. बातम्यांतली रंगीत चित्रं देखणी असतात, पण शोध त्या चित्रांत नसतो, आलेखात असतो.

४. म्हणजे १२५ जीईव्हीच्या आसपास दोन फोटॉन दिसले की हिग्ज मिळाला?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. दोन फोटॉन इतर साध्या प्रक्रियांतूनही निघतात, आणि त्यातल्या काहींचं गणित योगायोगाने १२५ च्या आसपास येतंच. या अनावश्यक पण अटळ घटनांना प्रयोगातली मंडळी ‘बॅकग्राउंड’ म्हणतात. समोरची एक घटना हिग्जची आहे की बॅकग्राउंडची, हे कधीच सांगता येत नाही. फक्त अपेक्षेपेक्षा जास्त घटना आल्या का, एवढंच सांगता येतं.

आकडे पाहिले की अंदाज येईल. दोन-तीन अब्ज प्रोटॉन टक्करींत एखादा हिग्ज तयार होतो. हजार हिग्जपैकी जेमतेम दोनच फोटॉनजोडीत मोडतात. जुलै २०१२ मध्ये ॲटलास या प्रयोगाच्या आलेखात १०० ते १६० जीईव्हीच्या पट्ट्यात फोटॉनजोडीच्या सुमारे ५९ हजार घटना होत्या, आणि त्यात हिग्जच्या असाव्यात अशा जवळपास १७०. चार लेप्टॉनांची वाट दुर्मीळ, पण स्वच्छ. तिथे १२५ च्या आजूबाजूला १३ घटना मिळाल्या, आणि हिग्ज नसता तर साधारण ५ अपेक्षित होत्या. एका वाटेवर घटना भरपूर पण बॅकग्राउंड प्रचंड, दुसऱ्या वाटेवर घटना मोजक्या पण बॅकग्राउंड फारच कमी. दोन्हीकडे उंचवटा एकाच जागी आला, म्हणून वजन पडलं.

या कामाचा बराच मोठा भाग बॅकग्राउंड अचूक ओळखण्यात जातो. माझ्या मते खरी कारागिरी तिथेच आहे, आणि तिच्याविषयी सर्वांत कमी लिहिलं जातं.

५. शोध जाहीर करायला पाच सिग्मा लागतात, म्हणजे ‘९९.९९९९ टक्के खात्री’ ना?

वर्तमानपत्रांत असं छापून येतं, पण अर्थ तो नाही. कण अस्तित्वातच नाही असं धरून चाललं, तर केवळ बॅकग्राउंडच्या चढउतारातून एवढा किंवा याहून मोठा उंचवटा दिसण्याची शक्यता किती, हे सिग्मा सांगतो. पाच सिग्माला ती सुमारे ३५ लाखांत एक. तीन सिग्माला सुमारे ७४० त एक. ‘कण असण्याची शक्यता’ ही वेगळी गोष्ट आहे आणि ती या आकड्यातून थेट निघत नाही.

मग ७४० त एक पुरेसं का नाही? कारण आपण एकाच जागी बघत नसतो. शेकडो आलेख, प्रत्येकात डझनभर जागा. सोसायटीच्या हाउझीत कुणाला ना कुणाला फुल हाउस लागतंच, त्यात नवल नाही. एखाद्याने खेळाआधीच ‘या तिकिटाला लागेल’ म्हणून सांगितलं आणि तसंच झालं, तर नवल. कुठेही उंचवटा चालेल म्हणून शोधायला निघालात तर सापडलेल्या सिग्मातून काही वजा करावं लागतं. डिसेंबर २०११ मध्ये ॲटलासला एका जागी साडेतीन सिग्माहून थोडं जास्त दिसत होतं. सगळ्या जागांचा हिशेब धरल्यावर ते दोनच्या थोडं वर उरलं.

पाच हा आकडा निसर्गाचा नियम नाही, अनुभवातून आलेला संकेत आहे. त्याआधी किती वेळा हात पोळले ते प्रश्न ११ मध्ये आहे.

६. शोधाची तारीख ४ जुलै २०१२ च का? त्याआधी कुणालाच माहीत नव्हतं?

कुजबुज होती. १३ डिसेंबर २०११ ला सर्नने एलएचसीवरच्या ॲटलास आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांचे संकेत जाहीर केले होते, ‘शोध’ हा शब्द मात्र टाळला होता. २०१२ मध्ये टक्करींची ऊर्जा ७ हजार जीईव्हीवरून ८ हजारांवर नेली आणि नवा डेटा गोळा केला. नव्या डेटातला उंचवट्याचा भाग विश्लेषण करणाऱ्यांनी स्वतःपासूनच झाकून ठेवला होता. निवडीचे निकष आधी ठरवायचे, गोठवायचे, आणि मगच तो भाग उघडायचा. नाहीतर जे हवं आहे ते दिसेपर्यंत निकष हलवायचा मोह कुणालाही होईल. जूनमध्ये झाकण उघडलं.

४ जुलैला सर्नच्या सभागृहात सीएमएसतर्फे जो इन्कांडेला आणि ॲटलासतर्फे फाबिओला जियानोत्ती यांनी निकाल मांडले. दोन्ही प्रयोग पाच सिग्मापाशी पोहोचले होते. या कणामागचा सिद्धांत मांडणारे पीटर हिग्ज आणि फ्रान्स्वा आंग्लेअर श्रोत्यांत बसलेले होते.

एकच कोलायडर, मग दोन प्रयोग कशाला, असंही विचारलं जातं. यासाठीच. चुंबकांची रचना वेगळी, उपकरणं वेगळी, माणसं वेगळी. एकाची चूक दुसऱ्याच्या आलेखात त्याच जागी उगवत नाही.

७. डब्ल्यू आणि झेड तर मोजक्याच घटनांवर जाहीर झाले होते. मग तिथे पाच सिग्मा कुठे गेला?

चांगला प्रश्न. जानेवारी १९८३ मध्ये सर्नने डब्ल्यू जाहीर केला तेव्हा यूए-१ या प्रयोगाकडे सहा घटना होत्या आणि यूए-२ कडे चार. झेड त्याच वर्षी जूनमध्ये आला, तोही हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या घटनांवर.

महत्त्व घटनांच्या संख्येला नाही, त्यांच्यामागे बॅकग्राउंड किती याला आहे. एका बाजूला एकटा, प्रचंड ऊर्जेचा इलेक्ट्रॉन, विरुद्ध बाजूला काहीच नाही, आणि संवेगाचा हिशेब तेवढाच तुटलेला (का, ते प्रश्न ९ मध्ये). अशी घटना दुसऱ्या कोणत्याही मार्गाने जवळजवळ घडत नाही. शिवाय वस्तुमान ८० च्या आसपास असेल हे सिद्धांताने आधीच सांगितलेलं होतं, म्हणजे हाउझीचं तिकीट आधी ठरलेलं होतं.

खरी अडचण यंत्राची होती. प्रोटॉनवर प्रतिप्रोटॉन (प्रोटॉनचे विरुद्ध विद्युतभाराचे जुळे कण) आदळवायचे, पण प्रतिप्रोटॉन मिळतात थोडे आणि तेही सैरावैरा पळणारे. त्यांचा दाट झोत बांधायची युक्ती सिमॉन व्हान डेर मेर यांची, आणि असा प्रयोग करायचाच हा हट्ट कार्लो रुबिया यांचा. १९८४ चं नोबेल दोघांना मिळालं.

८. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा प्रतिकण) आदळवणाऱ्या यंत्रातही असेच उंचवटे शोधतात का?

तिथे आणखी थेट वाट असते. प्रोटॉन हे कणांचं गाठोडं असल्यामुळे आतल्या टक्करीची ऊर्जा दर वेळी वेगळी. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन मात्र संपूर्ण ऊर्जेनिशी भिडतात, त्यामुळे यंत्राची ऊर्जाच हळूहळू बदलत नेता येते.

नोव्हेंबर १९७४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्पिअर या कोलायडरवर बर्टन रिक्टर यांच्या गटाने नेमकं हेच केलं. ऊर्जा ३.१ जीईव्हीच्या आसपास बारीक पायऱ्यांनी सरकवली आणि टक्करींचा दर जवळजवळ शंभरपट उसळला. जरा पुढे सरकलं की पुन्हा खाली. त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या ब्रूकहेवनमध्ये सॅम्युएल टिंग यांच्या गटाला तोच कण दिसला होता, तोही कोलायडर न वापरता. म्हणून त्याला आजही जे-साय असं जोडनाव आहे. तो स्वतः मूलभूत नाही. चार्म क्वार्क आणि त्याचा प्रतिक्वार्क यांची ती जोडी. पण चार्म क्वार्क खरोखर आहे, हे त्याने पटवलं.

९. न्यूट्रिनो डिटेक्टरमधून सरळ निघून जातो, मग तो होता हे कळतं कसं?

हिशेबातल्या तुटीवरून. झोताच्या आडव्या दिशेत सगळ्या कणांच्या संवेगांची बेरीज शून्य यायला हवी. आली नाही तर काहीतरी निसटलं. १९७५ मध्ये मार्टिन पर्ल यांना स्पिअरवरच अशा विचित्र घटना मिळाल्या: एक इलेक्ट्रॉन, एक म्युऑन, आणि बाकी ऊर्जा बेपत्ता. त्यातून टाऊ हा तिसरा लेप्टॉन पुढे आला. बरीच वर्षं शंका घेतली गेली. नोबेल १९९५ मध्ये मिळालं.

न दिसणाऱ्या कणांची मोजदादही करता येते. झेड जितक्या जास्त प्रकारांनी मोडू शकतो तितका त्याचा उंचवटा रुंद होतो. सर्नच्या लेप या कोलायडरने १९८९ पासून ही रुंदी मोजली आणि हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार २.९८४ निघाले. म्हणजे तीन. मला हे मोजमाप हिग्जइतकंच थोर वाटतं.

१०. क्वार्क कधी एकटा सापडत नाही म्हणतात. मग टॉप क्वार्कचा ‘शोध’ कसला?

क्वार्क किंवा ग्लुऑन टक्करीतून सुटला की त्याच्या वाटेवर कणांचा झोत तयार होतो, त्याला ‘जेट’ म्हणतात. १९७९ मध्ये हॅम्बर्गच्या पेट्रा कोलायडरवर दोनऐवजी तीन जेट असलेल्या घटना मिळाल्या. तिसरा जेट ग्लुऑनचा होता.

टॉप हा अपवाद. तो इतक्या झटपट मोडतो की दुसऱ्या क्वार्कशी जोडी जमवायला त्याला वेळच मिळत नाही. शिकागोजवळच्या फर्मीलॅबमधल्या टेव्हाट्रॉनवर सीडीएफ आणि डी-झीरो या प्रयोगांनी २ मार्च १९९५ ला तो जाहीर केला. सीडीएफने वर्षभर आधी ‘पुरावा’ मिळाल्याचं सांगितलं होतं, पण शोधाचा दावा केला नव्हता.

११. सापडलेला कण नंतर नाहीसा झाला, असं घडलंय का?

घडलंय, आणि नावाजलेल्या गटांच्या बाबतीत घडलंय. डब्ल्यू आणि झेड शोधणाऱ्या यूए-१ नेच १९८४ मध्ये टॉप क्वार्कची चिन्हं दिसल्याचं सांगितलं, वस्तुमान ४० जीईव्हीच्या आसपास. जास्त डेटा आल्यावर ते विरलं. खरा टॉप चौपटीहून जड निघाला.

२००० मध्ये लेप बंद करायच्या वेळी ११५ जीईव्हीपाशी हिग्जची चाहूल लागल्यासारखं वाटत होतं. यंत्र आणखी चालवावं की नाही यावर मोठा वाद झाला. शेवटी नोव्हेंबरमध्ये ते थांबवलं, कारण त्याच बोगद्यात एलएचसी बसवायचा होता. आज मागे पाहिलं तर ती चाहूल खोटी होती. लेपची कमाल ऊर्जा २०९ जीईव्ही होती आणि हिग्जसोबत झेड तयार करायला सुमारे २१६ लागतात. थोडक्यात हुकलं.

सगळ्यात ताजं प्रकरण डिसेंबर २०१५ चं. ॲटलास आणि सीएमएस दोघांनाही फोटॉनजोडीत ७५० जीईव्हीपाशी उंचवटा दिसला. सिद्धांतवाल्यांनी काही महिन्यांत शेकडो शोधनिबंध लिहून टाकले. ऑगस्ट २०१६ मध्ये नवा डेटा आला आणि उंचवटा सपाट झाला. प्रयोगांनी ‘शोध’ म्हटलंच नव्हतं, त्यामुळे त्यांना काही मागे घ्यावं लागलं नाही.

१२. २०१२ चा कण हिग्जच आहे हे कशावरून?

सुरुवातीला ‘हिग्जसारखा बोसॉन’ असंच म्हणत होते. सिद्धांतानुसार हिग्जचा स्पिन (कणाचा स्वतःभोवती फिरण्यासारखा अंगभूत गुणधर्म) शून्य हवा. तो दोन फोटॉनांत मोडतो, म्हणजे त्याचा स्पिन १ असू शकत नाही. मार्च २०१३ पर्यंत विघटनातले कोन मोजून स्पिन शून्य असल्याकडे कल स्पष्ट झाला. पुढची कसोटी अशी की जड कणांशी त्याचा संबंध जास्त आणि हलक्यांशी कमी हवा. टॉप आणि बॉटम क्वार्कशी असलेला संबंध २०१८ मध्ये पक्का झाला. २०२० मध्ये म्युऑनशीही असल्याची चिन्हं मिळाली. आजवरची सगळी मोजमापं सिद्धांताशी जुळतात.

१३. हिग्जमुळे सगळ्या वस्तूंना वस्तुमान मिळतं, हे खरं?

मूलभूत कणांपुरतं, आणि तेही हिग्ज क्षेत्रामुळे, म्हणजे सगळ्या अवकाशात पसरलेल्या एका अदृश्य क्षेत्रामुळे. कण ही त्या क्षेत्राची नुसती खूण. तुमच्या-माझ्या वजनाचा बहुतेक भाग प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांच्यातून येतो, आणि त्यांचं वस्तुमान मुख्यतः आतल्या क्वार्क-ग्लुऑनांच्या ऊर्जेचं असतं. हिग्जकडून मिळालेला क्वार्कच्या वस्तुमानाचा वाटा एखाद-दुसरा टक्का.

१४. दर काही महिन्यांनी ‘नवा कण सापडला’ अशी बातमी येते. मग १७ चे किती झाले?

१७ च. त्या बातम्यांतले कण क्वार्कच्या नव्या जुळण्या असतात. एलएचसीवर अशा कितीतरी सापडल्या, त्यात २०१५ चा पाच क्वार्कांचा पेंटाक्वार्कही आला. एलएचसीने शोधलेला मूलभूत कण आजवर एकच, हिग्ज.

१५. सगळे मूलभूत कण कोलायडरमध्येच सापडले का?

मुळीच नाही. इलेक्ट्रॉन १८९७ मध्ये काचेच्या नळीत, म्युऑन १९३६ मध्ये विश्वकिरणांत (अंतराळातून येणाऱ्या वेगवान कणांत). बॉटम क्वार्क (१९७७) आणि टाऊ न्यूट्रिनो (२०००) फर्मीलॅबमध्ये मिळाले, पण स्थिर लक्ष्यावर झोत मारून.

१६. यात भारताचा, महाराष्ट्राचा काही हात आहे का?

आहे, आणि नुसता पाहुणा म्हणून नाही. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) लेपवरच्या एल-३ प्रयोगात होती, टॉप शोधणाऱ्या डी-झीरोमध्ये होती, आणि सीएमएसमधल्या बाहेरच्या थरातल्या हॅड्रॉन कॅलरीमीटरची (कणांची ऊर्जा मोजणाऱ्या भागाची) जबाबदारी तिने उचलली. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने दिल्ली विद्यापीठासोबत सीएमएससाठी सिलिकॉन डिटेक्टर दिले. एलएचसीचे चुंबक ज्या जॅकवर अचूक टेकवलेले आहेत, तेही भारतातून गेले. जानेवारी २०१७ पासून भारत सर्नचा सहयोगी सदस्य आहे.

सिद्धांताच्या बाजूने पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांचं नाव घ्यायलाच हवं. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन यंत्रांची ऊर्जा खूप वाढवली, तर झोतातून सुटणाऱ्या फोटॉनांमुळेच नको असलेल्या कणांचा पाऊस पडेल, हे त्यांनी मानुएल ड्रेस यांच्यासोबत दाखवलं. पुढच्या कोलायडरांचे आराखडे करताना हे धरावं लागतं. २०२४ मध्ये त्यांचं पुण्यात निधन झालं.

सर्नच्या आवारातल्या नटराजाबद्दल व्हॉट्सॲपवर बरंच काही फिरतं. ती मूर्ती २००४ मध्ये भारताने दिलेली भेट आहे. प्रयोगाशी तिचा संबंध नाही.

१७. कृष्णविवर तयार होऊन पृथ्वी गिळली जाईल का?

नाही. एलएचसीहून अधिक ऊर्जेचे विश्वकिरण साडेचार अब्ज वर्षं पृथ्वीवर आदळत आहेत. पृथ्वी आहे.

१८. हजारो लोकांनी शोध लावला, मग नोबेल दोघांनाच का?

एका वर्षी भौतिकीचं नोबेल जास्तीत जास्त तिघांना देतात, आणि मरणोत्तर देत नाहीत. १९६४ मध्ये हिग्ज क्षेत्राची कल्पना तीन गटांनी जवळपास एकाच वेळी मांडली. आंग्लेअर यांचे सहकारी रॉबर्ट ब्राउट २०११ मध्ये वारले. २०१३ चा पुरस्कार हिग्ज आणि आंग्लेअर यांना गेला. प्रयोग करणाऱ्यांना काहीच नाही, यावर नाराजी आहे आणि ती मला रास्त वाटते.

१९. हा डेटा घरबसल्या पाहता येतो का?

येतो, फुकट. सर्नच्या ओपन डेटा संकेतस्थळावर सीएमएसचा २०११ आणि २०१२ चा डेटा, उदाहरणं आणि सूचना आहेत. पायथॉन येत असेल तर चार लेप्टॉनांच्या आलेखापासून सुरुवात करा. दोन फोटॉनांच्या वाटेला लगेच जाऊ नका, तिथे बॅकग्राउंडचा आकार नीट बसवता येईपर्यंत काहीच दिसत नाही (प्रश्न ४).